एक चिंचोका

दानाच्या पिशवीतून निघाले ते असे: ज्वारीचे दाणे एकोणतीस, तुरीचे तेरा आणि एक चिंचोका.

ज्योत्स्नाने ते पांढऱ्या रुमालावर तीन जागी वेगळे केले आणि बोटाने एकेक सरकवत पुन्हा मोजले. एकोणतीस, तेरा, एक. बेरीज त्रेचाळीस. सतरंज्यांवर बसलेली मतदार माणसंही त्रेचाळीसच. मोजणीत चूक नव्हती.

"बोल की अक्का," तिचा धाकटा भाऊ प्रशांतकुमार वेदीजवळून म्हणाला. चर्चचा पंच म्हणून तोच पुढे उभा होता. "किती?"

"ज्वारी एकोणतीस. तूर तेरा." ती थांबली. "आन् एक चिंचोका."

बायकांच्या बाजूने हसू फुटलं. "चिंचोका कुन्या पक्षाचा हो पंच?" मागून कुणीतरी विचारलं. "चिन्ह बी दिलंय का त्याला?"

कुणाचा चिंचोका, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप पुढच्या रांगेकडे वळल्या. तिथे अव्वा, म्हणजे ज्योत्स्ना आणि प्रशांतची आई, खिडकीकडे तोंड करून बसली होती. काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी बसायची मात्र उजेडाकडे तोंड करूनच. चेहऱ्यावर असा भाव, की चिंच कशाशी खातात हेसुद्धा तिला ठाऊक नसावं.

ठाणाकुशनूरच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे, सव्वीस घरांची ही ख्रिस्ती वस्ती. निवडणूक आली की तिच्या आधीच्या रविवारी, उपासना संपल्यावर दार लोटून दाणे टाकायचे, ही रीत ज्योत्स्नाच्या अप्पांनी घातलेली. एका उमेदवाराला ज्वारी ठरवायची, दुसऱ्याला तूर. प्रत्येकाने झाकल्या मुठीने एक दाणा दानाच्या पिशवीत सोडायचा. ज्याचे दाणे जास्त, त्याला सगळ्या मंडळीचं मत. चर्चमध्ये नाव घ्यायचं नाही, पक्ष काढायचा नाही. शेवटी उभं राहून प्रार्थना, आणि सगळ्यांनी मिळून आमेन. आमेन म्हटलं की शब्द दिला.

"आपन मूठभर," अप्पा, म्हणजे पिराजी, म्हणायचे. "मूठ उघडली की दाने चिमन्यांचे." या मिटल्या मुठीवर वस्तीला बोअर मिळाली होती, विजेचे चार खांब मिळाले होते, आणि मागच्या खेपेला चर्चवरचे पत्रे.

मोजायचं काम अप्पांच्या वेळेपासून ज्योत्स्नाकडे होतं. ती तालुक्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या आणि आकडा लिहायचा. बावीस वर्षांत तिने एक आकडाही अंदाजाने लिहिला नव्हता. वस्तीत भांडण कशावरूनही होई, पण तिच्या मोजणीवरून कधी झालं नव्हतं.

"ज्वारी," प्रशांतने जाहीर केलं. "उभे राहा."

सगळे उठले. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली. मंडळीला एक मन दे, आमच्यातला एकही दाणा बाहेर पडू देऊ नको, असं म्हणाला. मग पत्र्याखाली आमेन घुमलं. ज्योत्स्नाही म्हणाली, आमेन.

शेजारी उभ्या अव्वाचे ओठ मिटलेले होते.

*

"कामून केलीस तसं?" घरी आल्यावर ज्योत्स्नाने विचारलं.

"काय केले?"

"चिंचोका."

"माझ्या डब्यातला होता. कुनाचा चोरला न्हाई."

ते खरं होतं. दिवसातून चार वेळा औषध घ्यायचं. घेतलं की नाही याची अव्वाला आठवण राहावी म्हणून ज्योत्स्नानेच तिला दोन डबे दिले होते. गोळी झाली, डोळ्यात थेंब पडले, की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. रात्री ज्योत्स्ना मोजायची. रोज चार भरायचे. आज या डब्यात एक कमी होता.

"ज्वारी न्हाई, तूर न्हाई," अव्वा म्हणाली. "सिद्धरामासाठी तुमी दानाच ठेवला न्हाई. मग मी माझा आनला."

सिद्धराम जवळच्या चिंताकी गावचे. लिंगायत, कापडाचं दुकान, सत्तरी ओलांडलेली. आजोळची चार एकर जमीन मात्र इथे, वस्ती आणि दफनभूमीच्या मधोमध. प्रत्येक निवडणुकीला ते अपक्ष उभे राहायचे आणि प्रत्येक निवडणुकीला पडायचे. या खेपेला त्यांना शिवणयंत्राचं चिन्ह मिळालं होतं. कापडवाल्याला शिवणयंत्र, म्हणून अख्खा तालुका हसत होता. त्या हसण्यात तेही होते.

पंधरा दिवसांपूर्वी ते लुनावरून वस्तीत आले होते. ज्योत्स्ना तेव्हा चहा टाकत होती.

"सलाम, अक्का," त्यांनी दारातूनच अव्वाला आवाज दिला. वस्तीत आले की ते वस्तीसारखाच सलाम करायचे. "ह्या टायमाला शेवटचं उभारलाव. गुडघे ऐकंनात आता."

"कितींदा पडलास रे सिद्धराम?" अव्वाने विचारलं.

"पाच."

"सहाव्यांदा बी पडशील."

"पडनारच की!"

"मग कामून उभारायलास?"

"आगं, उभारल्याबिगर मोठ्या सायबाच्या म्होरं खुर्ची भेटत न्हाई. उमेदवार म्हनलं की पाच मिनिटं बसू देतात. तेवढ्यात बसचं सांगून घेतो. चिंताकीहून दवाखान्यापावतर एक बस. पाच टायम सांगितलंय, कवातरी कंटाळून सोडतील."

अव्वा खूप दिवसांनी मोठ्याने हसली होती. मग म्हणाली, "माझं एक मत तुला. बाकी कोनी देऊ न्हाई तर नको देऊ."

"बघा हां अक्का. ह्या बूथवर पाची टायम आपला भोपळाच हाय."

"भोपळा मी फोडते. शब्द हाय माझा."

ज्योत्स्नाने ते गंमत म्हणून ऐकलं होतं. आता समोर अव्वाचा चेहरा होता आणि त्यात गंमत नव्हती.

"प्रभूम्होरं ठरलंय अव्वा. सगळ्या मंडळीनं."

"मी आमेन म्हनले का?"

"न्हाई."

"मग? आन् प्रभूचं मला कामून सांगायलीस? तुझ्या अप्पाच्या मातीच्या दिवशी प्रभू कुठं होता म्हाईत हाय का तुला? सिद्धरामाच्या उडदात होता. गुडघाभर चिखलात. मी बघितलेय. तवा डोळे होते मला."

ज्योत्स्नानेही ते पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वीचा श्रावण. ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. दफनभूमीकडे जायची बांधावरची वाट त्या बांधाच्या मालकाने, दुसऱ्याच एका शेतकऱ्याने, बाभळीच्या काट्या टाकून बंद केली होती. अप्पांची पेटी खांद्यावर घेऊन माणसं पावसात तासभर उभी होती. प्रशांत तेव्हा तिशीतला. तो काट्यांपलीकडच्या माणसाला हात जोडत होता आणि तो माणूस तंबाखू मळत होता.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून सिद्धराम आले होते. त्यांच्या रानात शेंगांनी लगडलेला उडीद उभा होता. त्यांनी आपल्या कुंपणाची काटी ओढून बाजूला केली.

"या हिकडून," ते म्हणाले. "आमी बी मातीच देताव, तुमी बी मातीच देताव. मातीला जानाऱ्याची वाट कोन आडवावी?"

मग धोतर खोचून त्यांनी पेटीला खांदाही दिला. पुढचे सहा महिने त्यांच्या भावकीतल्या दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, हे वस्तीला नंतर कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

*

संध्याकाळी प्रशांत आला. आत अव्वा होती, म्हणून त्याने ज्योत्स्नाला लिंबाखाली बोलावून घेतलं.

"मशीनम्होरं तिच्यासंगं तूच जानार ना?"

"व्हय. दिसत न्हाई तिला. लेखी द्यावं लागतंय."

"मग तूच बघ."

"काय बघू?"

प्रशांतने पायाने जमिनीवरच्या निंबोळ्या सारल्या. तो वाईट माणूस नव्हता. वस्तीत कुणालाही ताप आला तर स्वतःची मोटारसायकल काढणारा माणूस होता. "अक्का, त्रेचाळीस पडले का बेचाळीस, ते कोन मोजत न्हाई. पर बूथचा कागद निघतोय. त्यात सिद्धरामाच्या नावाखाली एक दिसला की कुनाचा हे शेंबडं पोरगं बी सांगंल. चर्चची मूठ उघडली म्हनतील. आन् ज्वारीवाल्यानं दफनभूमीच्या रस्त्याचा शब्द दिलाय. पक्का रस्ता. ओढ्यावर नळ्या टाकून."

"शब्द सगळेच देतात."

"अव्वा ब्याऐंशीची हाय," तो एकदम म्हणाला. "ह्या पावसाळ्यात काय झालं तर कुठून न्यायची तिला? सांग. परत काटीम्होरं उभं राहू? परत हात जोडू? मी न्हाई जोडनार अक्का. तेच हात जोडलेले अजून सपनात येतात मला."

त्याचा आवाज चिरकला.

"सिद्धराम अण्णा देवमानूस हाय," तो सावरून म्हणाला. "मी कवा न्हाई म्हनलं? पर त्यांच्या उडदातून किती पिढ्या न्यायच्या आपन?"

तो गेल्यावर ज्योत्स्ना तिथेच बसून राहिली. तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, तसा ती कशाचाही करायची. एका मताने कुणी निवडून येत नाही आणि एका मताने कुणी पडतही नाही. म्हणजे अव्वाचं मत इकडे पडो की तिकडे, निकालात काहीच बदलणार नव्हतं. सिद्धराम अण्णांना तीनशेच्या आसपास मतं पडतातच. त्यात एक कमी, कुणाला कळणार आहे? रस्त्याचा शब्द मात्र मुठीवर होता. आणि ती स्वतः आमेन म्हणाली होती.

रात्री जेवताना अव्वाने विचारलं, "सिद्धरामाचं बटन कितवं गं?"

बाकी सगळ्यांना मशीनवरचं चिन्ह दिसणार होतं. आकडा फक्त अव्वालाच लागणार होता.

शिवणयंत्र सहावं होतं, ज्वारीवाला दुसरा.

"दुसरं," ज्योत्स्ना म्हणाली.

"वरून?"

"वरून."

अव्वाने भाकरीवर बोट टेकवलं, एक. जरा खाली टेकवलं, दोन. आणि मान हलवली. आकड्याच्या बाबतीत लेकीला दुसऱ्यांदा विचारायची सवय तिला नव्हती.

*

मतदानाच्या दिवशी ऊन सकाळी आठलाच चटकत होतं. वय ऐंशीच्या वर असलेल्यांचं मत घरी येऊन घेत होते, पण अव्वाने तो अर्ज भरू दिला नव्हता. "मी काय अंथरुनाला खिळलेय का?" असं तिचं म्हणणं. ठेवणीतलं निळं लुगडं नेसून, ज्योत्स्नाच्या दंडाला धरून ती शाळेच्या पायऱ्या चढली. रांगेने त्यांना पुढे सोडलं.

"यल्लम्मा पिराजी," आतल्या मास्तरांनी यादीतलं नाव पुकारलं.

"हाय की," अव्वा म्हणाली. "तुमच्या यादीत मी यल्लम्मा, चर्चच्या वहीत मार्था. दोघी बी आल्याव."

मास्तर हसले. ज्योत्स्नाला त्यांनी एक कागद दिला. अंध मतदाराचा सोबती म्हणून तिच्या वतीने नोंदवलेलं मत मी गुप्त ठेवीन, अशा मजकुराचा. ज्योत्स्नाने सही केली. अव्वाच्या डाव्या बोटाला शाई लागली, ज्योत्स्नाच्या उजव्या. स्वतःच्या मताची शाई तिच्या डाव्या बोटाला आधीच लागली होती.

"आता दोन्ही हात रंगले बघा," शाई लावणारी बाई म्हणाली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघी उभ्या राहिल्या. अव्वाने हात पुढे केला. ज्योत्स्नाने तो मशीनपाशी नेला आणि सोडला. धरायची गरजच नव्हती. वरच्या कडेपासून अव्वाचं बोट चाचपत खाली आलं.

"एक," ती पुटपुटली. "दोन."

बोट तिथे थांबलं. त्याच्या खाली तीन बटनं सोडून शिवणयंत्र होतं, काळ्या रेघांचं, पायाच्या फळीसकट. ज्योत्स्नाला ते स्पष्ट दिसत होतं. अव्वाने मान तिच्याकडे वळवली.

"हेच ना गं?"

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. पंख्याचं एक पातं मागे कुठेतरी घासत होतं.

"व्हय," ज्योत्स्ना म्हणाली.

अव्वाने दाबलं. शिट्टीसारखा लांब आवाज झाला. शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी आली: अनुक्रमांक दोन, नाव, चिन्ह. ती सात सेकंद दिसते. ज्योत्स्नाने सात मोजले. चिठ्ठी कापली जाऊन खाली पडली.

"वाजली की!" अव्वाचा चेहरा उजळला होता. "चिंताकीपावतर आवाज गेला असंल बघ."

पायऱ्या उतरताना तिने ज्योत्स्नाचा दंड एकदा दाबला. घरी आल्यावर उरलेला चहा गरम करून मागितला आणि दोन कप प्याली.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. ज्वारीवाला नऊ हजार सातशेच्या फरकाने निवडून आला. ज्योत्स्नाने त्रेचाळीसला त्या आकड्याने भागून पाहिलं. उत्तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली आलं.

जूनमध्ये एक माणूस टेप घेऊन आला. दफनभूमीपर्यंतचं अंतर त्याने मोजलं, दोनशे चाळीस मीटर, आणि वहीत लिहून घेतलं. तो पुन्हा आला नाही.

*

अव्वा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेली. ताप नाही, दुखणं नाही. दुपारचे थेंब टाकायला ज्योत्स्ना उठवायला गेली तर अंग थंड होतं. डब्यात दोन चिंचोके सरकलेले होते, दोन राहिले होते.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना अव्वाचा डावा हात ज्योत्स्नाच्या हातात आला. बोटावरची शाई केव्हाच गेली होती, नखावरची होती. कातडी झडते, नख मात्र मुळाकडून वाढत राहतं आणि डाग पुढे सरकतो, हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाचं नख हळू वाढतं. मुळापासून सात मिलीमीटर नख स्वच्छ होतं, त्यापुढे काळं. तिने ते बोट साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं.

"बास की बाई," शेजारीण म्हणाली. "ती शाई निघती व्हय?"

बाहेर पाऊस लागला होता. ओढा भरला होता. बांधावरच्या वाटेवर बाभळीची नवी काटी होती. प्रशांत पेटीच्या पुढे चालत त्या काटीपर्यंत गेला आणि उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत. काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला.

"हिकडून या रं," आवाज आला.

सिद्धरामांच्या रानात यंदा सोयाबीन होतं. त्याच्या तीन ओळी, बांधापासून पार दफनभूमीच्या तोंडापर्यंत, उपटून कडेला रचून ठेवलेल्या होत्या. उपटलेली रोपं अजून टवटवीत होती. म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते.

"सकाळी कळलं तवाच लागलो," ते म्हणाले. "पेटी तिरपी व्हायला नको. अक्काला चक्कर यायची."

प्रशांतने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याला उठवलं आणि पेटीला खांदा द्यायला पुढे सरकले. गुडघे ऐकत नव्हते, म्हणून दुसऱ्याने त्यांची जागा घेतली. मग ते हात पेटीला लावून कडेकडेने चालत राहिले.

माती देताना ज्योत्स्ना रडली नाही. ते वस्तीने पाहिलं आणि तिला शिकलेली बाई म्हणून सोडून दिलं.

*

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी सिद्धराम घरी आले. लुना नव्हती; कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून आले होते. एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पट्टी होती. दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"सलाम, बाई."

"सलाम अण्णा. बसा. चहा टाकते."

"टाक. आदी हे बघ." त्यांनी बंडीच्या खिशातून कागदांची घडी काढली. "तहसीलातून आनवलाव. बूथवार निकाल. सगळे मिळून तीनशे अठरा पडले आपल्याला. बसचं बी लेखी दिलंय त्यांनी, विचार करूत म्हनून."

"चांगलं झालं की."

"चांगलंच." ते अव्वाच्या रिकाम्या खाटेवर बसले. उजेडाकडे तोंड करून. "मला बाकीचे बूथ नकोत. एवढं इथलं वाचून दाव. एकशे चौदा नंबर. बारीक लिवलंय, मला दिसंना झालंय."

ज्योत्स्ना कागद हातात घेऊन उभी राहिली. "दुसऱ्या कुनाकडून वाचून न्हाई घेतलं?"

"घ्यायचं होतं, पर म्हनलं अक्काच्या घरीच वाचावं. आकड्याच्या बाबतीत तुझ्याएवढं पक्कं कोन हाय?" ते हसले. "पाच टायम भोपळा, बाई. पाच टायम मी हा कागद बघितला आन् पाच टायम गप घडी घातली. ह्या टायमाला अक्कानं शब्द दिल्ता. मातीच्या दिवशी चिखलात चालताना मनात तेच. तिनं आपला भोपळा फोडला, आन् आपन तिला सांगितलं बी न्हाई की पावला म्हनून."

"अण्णा," ज्योत्स्ना म्हणाली.

"वाच की."

तिने खाटेवर त्यांच्या शेजारी कागद पसरला. डाव्या बाजूला केंद्रांचे क्रमांक, वर उमेदवारांचे. एकशे चौदावर तिने उजवं बोट ठेवलं. नखाच्या टोकाशी काळी कड अजून उरली होती, दीड मिलीमीटर. बोट आडवं सरकत गेलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

"किती?"

बाहेर अंगणात कोंबडी पिलांना हाका मारत होती.

"एक," ज्योत्स्ना म्हणाली.

उघड्या डोळ्यावरून सिद्धरामांनी उलटा हात फिरवला.

"एकच ना?"

"एकच."

"मग ते अक्काचंच." ते कागदाकडे वाकले, दिसत नव्हतं तरी. "त्याला गोल कर बाई. पेनानं. पट्टी निघाली की चष्मा द्यायलेत म्हने पुढच्या महिन्यात. मग मी सोता बघतो."

ज्योत्स्नाने पर्समधून दवाखान्यातलं निळं पेन काढलं. गोल केला. रेघ जिथून निघाली तिथेच नीट येऊन मिळाली.

त्यांनी कागदाची पहिल्यासारखीच घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून तळहाताने दाबली. चहा घेतला. जाताना दारातल्या क्रूसाकडे बघून कपाळाला हात लावला आणि गाडीवर मागे बसून चिंताकीच्या रस्त्याला लागले.

घडीच्या आत, निळ्या गोलाच्या ओळीत, असं होतं: केंद्र क्रमांक ११४. एकूण मते ५८७. अनुक्रमांक ६, शिवणयंत्र: ०.